पोटखराब्याची पैमाश

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जिरायत आणि बागायत क्षेत्राचे आकडे वाचून झाले की, डोळा ज्या नोंदीवर क्षणभरही रेंगाळत नाही ती नोंद पोटखराब्याची. जिच्यात पीक उभे राहत नाही आणि म्हणून जिच्यावर सारा बसत नाही, अशी शेताच्या पोटातली नापीक जमीन, हा तिचा सरळ अर्थ. आणि त्या एका शब्दाच्या आसऱ्याला ओढ्याचा काठ, खडकाळ माळ, पाझराची जागा आणि पावसाळ्यात पाण्याखाली व एरवी लव्हाळ्याखाली राहणारा सखल कोपरा, ही सारी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. महसुली दफ्तराच्या दृष्टीने त्यांच्यात फारसा भेद नाही, कारण दफ्तराचा प्रश्नच मुळी एक आहे: ही जमीन पिकवते किती? ज्या जागेला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तिची पुढची चौकशी करण्याचे कारण कोणाला पडले नाही. अशा जागांची, म्हणजे पाणथळींची आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या वनस्पतींची, पहिली खरीखुरी पैमाश गेल्या पन्नासएक वर्षांत झाली, आणि ती करणारा मोजणीदार सातआठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत होता, ही गोष्ट सोलापूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या आणि पावसाला पारख्या असलेल्या जिल्ह्यातल्या वाचकालाही मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

सांगण्याजोगी अशासाठी की, आजच्या मोजणी-पद्धतीचा उगमही याच परिसरात आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी रयतेला पेलवेना, गावे ओस पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या नव्या पद्धतीच्या मोजणीचा पहिला प्रयोग १८३६ च्या सुमारास केला तो भीमेकाठच्या इंदापूर तालुक्यात. साखळी टाकून शेत मोजायचे, हद्दीवर दगड रोवायचे, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत लावायची आणि त्यावरून तीस वर्षांचा सारा ठरवायचा, ही ती रीत. तिने रयतेला स्थैर्य दिले यात शंका नाही. पण तिने जमिनीकडे पाहण्याची जी दृष्टी घालून दिली, तिच्यात पाण्याच्या आणि मातीच्या मधल्या अवस्थेला स्वतःचे असे नाव राहिले नाही.

कालाचा खेळ असा की, त्या पहिल्या मोजणीतल्या इंदापूर तालुक्याचाच काही भाग पुढे स्वतः पाण्याखाली गेला. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्याच्या भिंतीमागे सोलापूर, पुणे व अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला, भरल्यावर सुमारे ३३७ चौरस किलोमीटर व्यापणारा जलाशय उभा राहिला. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. पण त्यातला ६३ टीएमसींहून अधिक भाग मृतसाठ्याचा, म्हणजे वापराच्या हिशेबाबाहेरचा, म्हणून सोलापूरकर उन्हाळ्यात वर्तमानपत्र उघडतो तेव्हा धरणाचा साठा ‘वजा इतके टक्के’ अशा चमत्कारिक हिशेबात वाचतो. जलाशयाच्या विस्ताराच्या मानाने त्याचे काठ उथळ असल्यामुळे पातळी काही मीटरांनी खाली गेली की पाणी मैल-मैल मागे सरते; पळसदेवजवळचे पळसनाथाचे बुडालेले प्राचीन देऊळ वर डोकावते; आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळात आजूबाजूचे शेतकरी थोड्या मुदतीची पिके घेतात, ज्याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत गाळपेर म्हणतात. अशा रीतीने एकच जमीन भाद्रपदात जलाशय, माघात दलदल आणि वैशाखात शेत असते. तिच्या काठाने पाणकणीस, लव्हाळा आणि बेशरम माजते, पाण्यावर जलपर्णी पसरते, उथळ चिखलात शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांच्यावर जगणारे रोहित पक्षी दर हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला हजारोंनी उतरतात, तेव्हा त्यांना पाहायला पुण्या-मुंबईची माणसे गाड्या करून येतात. पक्षी सर्वांना दिसतात; ज्या गवता-शेवाळाच्या पट्ट्यावर ते उभे असतात, त्याचे क्षेत्र किती आणि ते दरसाल कोणीकडे सरकते, हे मात्र काठावर उभे राहून कोणालाही सांगता येणार नाही.

त्यासाठी उंची लागते, आणि उंचीपेक्षाही वेगळ्या जातीचा डोळा लागतो. हिरवे पान आपल्याला हिरवे दिसते, कारण त्यातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते व हिरवा थोडाफार परत फेकते. पण तांबड्याच्या पलीकडे, माणसाच्या डोळ्याला अगोचर असणारा जो निकट अवरक्त प्रकाश आहे, त्याच्याशी पानाचे वर्तन अगदी निराळे असते: पानाच्या आतल्या पेशींची सच्छिद्र रचना तो न शोषता मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, त्यामुळे त्या प्रकाशात निरोगी झाड अक्षरशः झळाळते. पाणी याच्या बरोबर उलट वागते. तो प्रकाश ते जवळजवळ सगळा गिळून टाकते आणि प्रतिमेत काळेभोर उमटते. कोरडी माती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहते. तेव्हा उपग्रहावरच्या यंत्राने एकाच जागेचा तांबडा आणि अवरक्त असा दोन्ही प्रकाश मोजला, दोहोंची वजाबाकी केली आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागले, की जो आकडा निघतो तो त्या जागेवरच्या हिरवाईचा दाखलाच होतो. दाट वनस्पती असेल तर तो एकाच्या दिशेने चढतो, उघड्या मातीवर शून्याच्या थोडा वर राहतो आणि निर्मळ पाण्यावर शून्याच्याही खाली उतरतो. शास्त्रज्ञ याला वनस्पती-निर्देशांक म्हणतात. आपण त्याला हिरवाईची आणेवारी म्हणावे.

हा अवरक्त डोळा भारतात प्रथम वापरला गेला तो उपग्रहावर बसवून नव्हे, तर हेलिकॉप्टरमधून. भारतीय सुदूर संवेदनाचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ते पिशारोथ राम पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. १९७० च्या सुमारास त्यांनी केरळातल्या माडांच्या बागांवरून अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मने छायाचित्रे घेतली आणि मूळमर रोगाने पोखरलेले माड निरोगी माडांपासून वेगळे काढता येतात, हे दाखवून दिले. त्यानंतर १९७२ साली अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला, १९७९ साली आपला भास्कर गेला, आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा स्वतःचा सुदूर संवेदन उपग्रह भ्रमणकक्षेत स्थिरावला. अशा प्रतिमांमध्ये अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग देण्याचा प्रघात पडला असल्यामुळे, जंगल हिरवे न दिसता गुलालासारखे लाल दिसते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते.

प्रतिमा म्हणजे अखंड चित्र नसून चौकोनांची जाळी असते, आणि त्या चौकोनाच्या आकारावर सारे अवलंबून असते. लँडसॅटच्या पहिल्या उपग्रहाचा चौकोन सुमारे ऐंशी मीटर बाजूचा, म्हणजे दीड एकराहून मोठा. त्यात अर्धे शेत, चतुर्थांश ओढा आणि उरलेली बाभळीची बेटे आली, तर यंत्राला दिसणार त्या सर्वांची एकत्र खिचडी. भारताच्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा चौकोन साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांच्या आसपास. आणि २०१५ पासून फिरू लागलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा चौकोन दहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. म्हणजे भरलेल्या उजनीचे तेहतीस लाखांहून अधिक चौकोन होतात, आणि या जातीचे दोन उपग्रह जोडीने फिरत असले तर त्या प्रत्येक गुंठ्याची पाहणी दर पाच दिवसांनी होते. कोणत्याही अव्वल कारकुनाला आपल्या हयातीत करता आली नसती, इतकी ही पाहणी आहे.

परंतु पाहणी झाली म्हणजे ओळख पटली, असे नव्हे. आणि उजनीच्या काठावर हा भेद फार लवकर ध्यानात येतो. या काठाने उसाचे रान पाण्याला लगटून उभे आहे, आणि पाण्यावर पुणे-पिंपरीकडून येणाऱ्या सांडपाण्यातल्या क्षारांवर पोसलेली जलपर्णी पसरली आहे. दोन्ही हिरवीगार, दोन्ही दाट, दोन्हींचा निर्देशांक चढा. एका दिवसाच्या एका प्रतिमेत दोन्ही सारख्याच लालबुंद दिसतात, आणि मग यंत्र कधी पाण्याला शेत ठरवते, तर कधी शेताला पाण्यावरचे तण. त्यातच आपली भिजलेली काळी माती इतकी कमी उजेड परत पाठवते की, गढूळ उथळ पाण्याशी तिची गल्लत सहज होते. या कोड्यावर उपाय आहे तो काळाचा. ऊस जागचा हलत नाही. जलपर्णी वाऱ्याबरोबर या काठावरून त्या काठाला जाते. ऊस गळीत हंगामात तोडला जातो, आणि लाल चौकोन एका आठवड्यात फिका पडतो. जलपर्णीला तोड नाही. पाणकणीस काठ सोडत नाही आणि पातळी उतरली की वाळू लागते. गाळपेरीचे पीक पाणी हटल्यावरच उगवते आणि पावसाळ्याच्या तोंडी संपते. तेव्हा वर्षभराच्या प्रतिमा एकावर एक रचून प्रत्येक चौकोनाची बारमाही कैफियत वाचली, तर तो कोण आहे हे तो स्वतःच सांगतो. वनस्पतीची ओळख तिच्या रंगापेक्षा तिच्या दिनचर्येवरून अधिक पटते, हे या शास्त्राचे मर्म. आणि ते आपल्या शेतकऱ्याला नवे नाही, कारण तोही तण आणि पीक यांतला फरक उगवणीच्या वेळेवरूनच ओळखतो.

एक अडचण तरीही उरते, ती ढगांची. सोलापुरात पाऊस थोडा. उजनी भरते ती सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाने, आणि नेमक्या त्या आषाढ-श्रावणात आकाश झाकोळलेले असल्यामुळे प्रकाशावर चालणारे उपग्रह आंधळे होतात. तेथे रडार उपयोगी पडते. रडारचा उपग्रह सूर्याच्या उजेडाची वाट पाहत नाही. तो स्वतः सूक्ष्मलहरी सोडतो आणि ढगांतून आरपार जाऊन परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. संथ पाण्यावरून या लहरी आरशासारख्या पलीकडे निसटून जातात, म्हणून पाणी काळे दिसते. पण पाण्यातून झाडाची खोडे वा पाणकणसाची ताठ पाती वर आली असतील, तर लहर आधी पाण्यावर आणि मग खोडावर आपटून सरळ माघारी येते, आणि ती जागा उजळून निघते. पानांच्या छपराखाली पाणी आहे की कोरडी जमीन, हे त्यावरून कळते. भारताने २०१२ साली रिसॅट-१ हा असा उपग्रह सोडला, आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत व अमेरिका यांचा संयुक्त निसार उपग्रह याच कुळातला.

आता थोडे पश्चिमेकडे, घाट उतरून कोकणात जाऊ. कारण पाणथळीच्या नकाशाने दफ्तरावर मात केल्याचे आपल्याकडचे उदाहरण तेथे आहे. तिवर, चिपी, कांदळ, मारांडी अशा नावांनी कोळी आणि आगरी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले, ती खाडीकाठची खारफुटी, म्हणजे कांदळवन, एके काळी कागदोपत्री खाजण वा पडीक याच सदरात जात असे, आणि पडीक जमिनीवर भराव घालण्यास कोणाचा जीव हळहळत नसे. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही तोड थांबवणारा आदेश दिला. आणि कांदळवन नेमके कोठे आहे यावरचा वाद तोंडी साक्षींवर मिटणारा नसल्यामुळे उपग्रह-प्रतिमांवरून नकाशे करण्याचे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजीच्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. जी झाडे नोंदीत नव्हती, ती नकाशावर आली. आणि नकाशावर आली म्हणून वनाच्या सदरात गेली.

या नकाशांनाही आपले कूट आहे. भरतीच्या वेळची प्रतिमा घेतली तर खालची रोपटी पाण्यात बुडतात आणि वन लहान दिसते, म्हणून ओहोटीची वेळ गाठावी लागते. आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या १९८७ च्या अहवालात देशातले कांदळवन ४,०४६ चौरस किलोमीटर होते, २०२१ च्या अहवालात ते ४,९९२ झाले. महाराष्ट्राचा आकडा त्याच काळात १४० वरून ३२४ वर गेला. यात झाडे वाढली हे खरे, आणि ती वाढावी म्हणून पुष्कळ माणसे झटली हेही खरे. परंतु पहिल्या अहवालाचा चौकोन दीड एकराचा होता आणि नंतरचा साडेपाच गुंठ्यांचा, तेव्हा वाढलेल्या आकड्यातला काही हिस्सा झाडांचा आणि काही हिस्सा सुधारलेल्या दृष्टीचा, असा विवेक वाचकाने ठेवावा. आपली दृष्टी सुधारल्याचे श्रेय झाडांना देणे जसे चूक, तसेच तेवढ्यावरून झाडे सुरक्षित आहेत असे मानणेही चूक.

समुद्रापासून दूरच्या पाणथळींच्या नशिबी मात्र असा न्याय अजून आलेला नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने २००६-०७ च्या रिसोर्ससॅट प्रतिमांवरून जो राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह सिद्ध केला आणि २०११ साली प्रसिद्ध केला, त्यात देशातल्या पाणथळींचे क्षेत्र सुमारे १ कोटी ५३ लाख हेक्टर, म्हणजे भूभागाच्या ४.६३ टक्के भरले. संख्या ७,५७,०६०, पण त्यांतल्या ५,५५,५५७ पाणथळी सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांहून लहान असल्यामुळे त्यांना आकार मिळाला नाही, नुसता ठिपका मिळाला. गावतळी, पाझर तलाव, ओढ्यातले डोह, माळावरची डबकी ही सारी त्या ठिपक्यांत आली. मोठ्या जलाशयांना आकार मिळाला, तर कायद्याने दुसरीकडून हात काढून घेतला: पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्राने २०१७ साली केलेल्या नियमांत सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. त्यामुळे उजनी, आणि सोलापूरच्या ईशान्येला १८७१ साली पुरा झालेला, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो तो एकरूख तलाव, हे दोन्ही नकाशात पाणथळ आहेत आणि नियमात नाहीत. रोहित पक्ष्याला हा भेद कळत नाही; तो नकाशाच प्रमाण मानून उतरतो.

मग नकाशा हाच अखेरचा शब्द मानावा काय? तसेही नाही. या शास्त्रात एक अवस्था अशी असते की जिच्यावाचून सारे व्यर्थ: यंत्राने ज्या चौकोनाला पाणकणीस म्हटले, तेथे कोणीतरी पायी जाऊन, गुडघाभर चिखलात उभे राहून, हातातल्या जीपीएसवर जागा ताडून, ते खरोखर पाणकणीसच आहे की लव्हाळा आहे हे पाहावे लागते. अशा शेकडो जागांचा ताळा घेतल्यावर नकाशा शंभरातल्या किती ठिकाणी बरोबर होता, हे ठरते. आणि ज्या नकाशाबरोबर हा आकडा दिलेला नसतो, तो कितीही सुंदर रंगवलेला असला तरी त्याची किंमत बिनसहीच्या दस्तऐवजाइतकीच. या पायपिटीत नकाशा करणाराला खरा उपयोग होतो तो काठावरच्या माणसाचा. कोणत्या वळणावर जलपर्णी अडकते, कोणते गवत म्हैस खाते आणि कोणते खात नाही, कोणत्या साली पाणी कोठवर मागे गेले होते, हे भोई आणि गुराखी यांना तोंडपाठ असते. उपग्रहाजवळ पन्नास वर्षांची चित्रे आहेत, पण त्यांत एकाही झाडाचे नाव लिहिलेले नाही.

नाव लिहिण्याचे काम आपले आहे, आणि त्यासाठी आज कोणाच्या परवानगीची गरज नाही. लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य आहेत, सेंटिनेलच्या आरंभापासूनच आहेत, आणि आयआरएस मालिकेच्या पुष्कळशा प्रतिमा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भुवन संकेतस्थळावर मिळतात. दुसरीकडे, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक-जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तेव्हा वाचकाला एवढीच विनंती की, आपल्या गावच्या तळ्याची वा ओढ्याची ऑक्टोबर महिन्यातली एक प्रतिमा आणि मे महिन्यातली एक प्रतिमा शाळेतल्या मुलांना शेजारी-शेजारी ठेवून दाखवावी. दोहोंत जो पट्टा रंग बदलतो, तेथे त्यांना घेऊन जावे. त्यावर काय उगवते हे गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून त्याच्या तोंडच्या नावाने लिहून घ्यावे. आणि तो कागद ग्रामसभेपुढे ठेवून नोंदवहीत चढवून घ्यावा. सातबाऱ्यावर ती जागा पोटखराबाच राहील. पण पुढे कधी तिच्यावर भराव टाकायला कोणी आले, तर तेथे काय होते हे दाखवणारा एक कागद गावाच्या दफ्तरी असेल.